एकच मोमोतारो पुरणार नाही

पीच फळातून जन्मलेला, जपानी लोककथेतला मोमोतारो ओनींच्या, म्हणजे डोक्यावर शिंगं असलेल्या अमानवी जिवांच्या, बेटाकडे निघालेला असतो. कमरेला आजीने बांधून दिलेली किबीदांगोंची, म्हणजे भरड धान्याच्या उकडलेल्या गोळ्यांची, पिशवी. वाटेत कुत्रा भेटतो आणि विचारतो, "कमरेला काय आहे?" "अख्ख्या जपानात एक नंबरचे किबीदांगो." "मला एक दे, मी तुझ्याबरोबर येतो." यावर मोमोतारो काय म्हणतो, ते ती गोष्ट कोणत्या साली छापली त्यावर ठरतं. इवाया साझानामी यांनी 1894 साली मुलांसाठी लिहिली तेव्हा मोमोतारो म्हणतो, अख्खा नाही मिळायचा, अर्धा देईन. 1911 च्या सरकारी शालेय गाण्यात तो अख्खा गोळा द्यायला तयार होतो, पण अट घालून: ओनींवरच्या स्वारीत येणार असशील तरच. घासाघीस गेली आणि तिच्या जागी सैन्यभरती आली.

बदल एवढासा दिसतो. पण अर्ध्या गोळ्याच्या गोष्टीत मोमोतारो थोडा कंजूष आहे आणि कुत्रा थोडा भुकेला आहे, दोघांचीही गरज उघडी दिसते. गाण्यात दोघेही गणवेशातले झाले आहेत. आज मराठी घरांत मोमोतारो पोचतो तो बहुतेक इंग्रजीवरून केलेल्या पुस्तकांतून किंवा मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या कार्टूनमधून, आणि तो जवळपास नेहमी हा शाळेने घोटून गुळगुळीत केलेलाच मोमोतारो असतो. माझं म्हणणं असं आहे की जपानच्या वीरकथा आणि अद्भुतकथा मुलांना द्यायच्या तर एका कथेची निदान दोन रूपं द्यावीत, आणि तिच्यातला बोचणारा भाग काढून टाकू नये. तो भाग कुणी राष्ट्रासाठी काढला की मुलांच्या काळजीपोटी, याने फारसा फरक पडत नाही. कथेचं नुकसान तेच होतं.

आधी शब्दाचं बघू. या गोष्टींना आपण सरसकट 'जपानी परीकथा' म्हणतो. त्यांत परी क्वचितच असते. जपानीत यांना 'मुकाशीबानाशी' म्हणतात, म्हणजे फार पूर्वीची गोष्ट. सुरुवात ठरलेली: 'मुकाशी मुकाशी, अरु तोकोरो नी', म्हणजे फार फार पूर्वी, एके ठिकाणी. आपल्या 'आटपाट नगर होतं'सारखीच ही सुरुवात काळ आणि जागा दोन्ही मोकळ्या ठेवते. शेवट 'मेदेताशी, मेदेताशी', आपल्या 'सुफळ संपूर्ण'च्या जवळचा. या दोन टोकांच्या मधलं जे काही आहे ते प्रांताप्रांतात वेगळं होतं, आणि शेकडो वर्षं वेगळंच राहिलं.

एदो काळातल्या (सतरावं ते एकोणिसावं शतक) लाल पुठ्ठ्याच्या चित्रपुस्तकांत, ज्यांना 'आकाहोन' म्हणत, मोमोतारो फळातून जन्मत नाही. आजी नदीवर धुणं धुताना तिला पीच वाहत आलेलं दिसतं, ती ते घरी आणते, दोघं म्हातारे ते खातात आणि तरुण होतात. मग त्या रात्रीनंतर यथाकाल त्यांना मूल होतं. पीच हे चीनपासून चालत आलेलं दीर्घायुष्याचं, वाईटाला दूर ठेवणारं फळ आहे; त्याचा गुण या रूपात नीट कळतो. फळ खाल्लं, तारुण्य आलं, मूल झालं, असा साधा कार्यकारणभाव आहे. अभ्यासक या रूपाला 'पुन्हा तरुण होण्याचा' प्रकार म्हणतात आणि दुसऱ्याला 'फळातून जन्माचा'. 1887 साली शिक्षणखात्याच्या प्राथमिक वाचनपुस्तकात मोमोतारो आला तेव्हा फळ चिरलं गेलं आणि आतून मूल निघालं. वर्गात म्हातारा-म्हातारीच्या शय्येचा विषय नको, हे कारण समजण्यासारखं आहे. पण त्या एका सोयीपायी गोष्टीतलं पहिलं आश्चर्य, म्हणजे दोन थकलेल्या माणसांना परत मिळालेलं वय, कायमचं गेलं. आज जपानमध्येही बहुतेकांना ते रूप माहीत नसतं.

पुढचा बदल जास्त गंभीर होता. एदोच्या पुस्तकांत मोमोतारो बेटावर कशासाठी जातो? खजिना आणायला. ओनींनी काय गुन्हा केला, याची फारशी चर्चा नसते. धाडसी पोराने दूर जाऊन धन आणावं, एवढीच जुन्या गोष्टीची भूक. हे खटकलं ते विचारवंत फुकुझावा युकिची यांना. 1871 साली त्यांनी आपल्या दोन लहान मुलांसाठी रोजच्या शिकवणुकीची टिपणं लिहिली, त्यांत त्यांनी स्पष्ट म्हटलं की खजिना ओनींचा होता, मालक ओनी होते, मालकाची वस्तू कारणाशिवाय उचलून आणणारा मोमोतारो चोरच म्हणायला हवा. ओनी जगाला त्रास देत असतील तर त्यांना शासन करणं ठीक, पण त्यांचं धन घरी आणून आजी-आजोबांना देणं हा लोभ झाला. दीडशे वर्षांपूर्वी एका बापाने मुलांशी केलेला हा वाद आजच्या कुठल्याही वर्गात जसाच्या तसा चालेल.

या आक्षेपाला दोन उत्तरं शक्य होती. एक, मोमोतारोच्या कृतीबद्दल मुलांना शंका घेऊ द्यायची. दोन, ओनींना इतकं वाईट करायचं की शंका उरूच नये. सत्तेने दुसरं निवडलं. साझानामींच्या 1894 च्या मोमोतारोला खुद्द स्वर्गातल्या देवाने पाठवलेलं असतं आणि ओनींचा अपराध असा की ईशान्येकडच्या समुद्रापलीकडे राहून ते जपानच्या राजसत्तेला जुमानत नाहीत. त्याच वर्षी चीनशी युद्ध सुरू झालं होतं. 1911 च्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यांत एका झटक्यात बेट चिरडून टाकण्याची आणि लुटीचा माल ओढून आणण्याची मजा गायलेली आहे. आज ते गाणं गाताना ही कडवी बहुधा वगळतात. 1943 मध्ये नौदलाच्या पाठबळावर 37 मिनिटांचा चित्रपट निघाला, त्यात ओनींचं बेट म्हणजे पर्ल हार्बर. एप्रिल 1945 मध्ये त्याच दिग्दर्शकाने, सेओ मित्सुयो यांनी, 74 मिनिटांचा दुसरा केला. जपानचा तो पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. त्यात मोमोतारोचे प्राणी दक्षिणेकडच्या जंगलातल्या प्राण्यांना जपानी मुळाक्षरं शिकवतात आणि डोक्यावर शिंग असलेले ओनी इंग्रजीत बोलत शरण येतात. चार महिन्यांनी जपाननेच शरणागती पत्करली, आणि त्या शरद ऋतूत शाळांमधली मुलं शिक्षकांच्या सांगण्यावरून आपल्याच पाठ्यपुस्तकांतल्या लष्करी ओळींवर शाई फासत बसली.

हे सगळं झालं कारण गोष्ट एकच उरली होती. तिची पन्नास रूपं वर्गावर्गात जिवंत असती तर एकाला गणवेश घालून भागलं नसतं. आणि ती पन्नास रूपं होती. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांनी 1933 मध्ये मोमोतारोच्या जन्मावर लिहिलं, पुढे सेकी केइगो यांनी देशभरातल्या लोककथांची वर्गवारी करून मोठे संग्रह काढले, तेव्हा खेड्यांतले मोमोतारो कागदावर आले. त्यांतला पश्चिम जपानमधल्या ओकायामा आणि आसपासच्या भागातला मोमोतारो मला सर्वांत आवडतो, कारण तो आळशी आहे. शेजारची पोरं सरपणाला चल म्हणून बोलवायला येतात. पहिल्या दिवशी तो म्हणतो, गवती चपला विणून व्हायच्या आहेत. दुसऱ्या दिवशी म्हणतो, पाठीवर मोळी वाहायची चौकट तयार नाही. शेवटी एकदा जातो, डोंगरावर पोचताच झोपतो. इतरांच्या मोळ्या बांधून होतात, संध्याकाळ होते, मग हा उठून एक अख्खं झाड मुळासकट उपटतो, खांद्यावर टाकून घरी आणतो आणि भिंतीला टेकवतो. घर कोसळतं. या पोराला कुणी फौजेचा नायक करून दाखवावा! ज्या ओकायामाने पुढे मोमोतारोला आपला नगरवीर केला, विमानतळालासुद्धा त्याचं नाव दिलं, तिथल्याच म्हाताऱ्या माणसांनी हा आळशी मोमोतारो सांगून ठेवला आहे.

आता दुसऱ्या हाताकडे वळू, प्रेमळ हाताकडे. युद्धानंतर मुलांच्या पुस्तकांतून क्रौर्य कमी करायची लाट आली आणि ती अजून ओसरलेली नाही. 'काचीकाची यामा' ही कथा घ्या. तानुकी (कुत्र्याच्या कुळातला, रॅकूनसारख्या तोंडाचा गुबगुबीत प्राणी, याला मराठीत कोल्हा किंवा अस्वल म्हणू नये) शेतकऱ्याचं पीक नासतो, पकडला जातो, म्हातारीला भुलवून दोर सोडवून घेतो, तिला मारतो, तिचं रूप घेतो आणि म्हाताऱ्याला तिच्याच मांसाचं सार वाढतो. मग ससा सूड घेतो, तीन पायऱ्यांनी. तानुकीच्या पाठीवरच्या सरपणाला गारगोटीने आग लावतो. 'काचीकाची' हा त्या गारगोटीचाच आवाज, आणि तानुकी विचारतो तेव्हा ससा म्हणतो, या डोंगरावर असा आवाज करणारा पक्षी आहे. भाजलेल्या पाठीवर औषध म्हणून तिखट कालवलेला मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) चोपडतो. शेवटी त्याला मातीच्या होडीत बसवून बुडवतो. गेल्या काही दशकांतल्या पुस्तकांत म्हातारी मरत नाही, नुसती जखमी होते. काहींत तानुकी शेवटी माफी मागतो आणि सगळं गोड होतं.

वजन करून बघा. एका पारड्यात खून आणि नवऱ्याला बायकोचं मांस खायला घालणं होतं, म्हणून दुसऱ्या पारड्यात आग, तिखट आणि बुडवणं मावत होतं. पहिलं पारडं हलकं करून दुसरं तसंच ठेवलं की ससा छळवादी दिसतो. दोन्ही हलकी केली की तीन पायऱ्यांची ती घट्ट रचना उरतच नाही, आणि गोष्ट एका बागेतल्या भांडणाएवढी होते. 'माकड आणि खेकडा' या कथेतही हेच झालं. मूळ गोष्टीत माकड पर्सिमनचं कच्चं, टणक फळ फेकून खेकड्याला मारतं, पिल्लं पोरकी होतात, आणि मग चेस्टनट चुलीत, मधमाशी पाण्याच्या रांजणाशी, शेणाचा पो उंबऱ्यावर आणि उखळ छपरावर दबा धरून बसतात. प्रत्येकाने आपापल्या गुणाप्रमाणे जागा घेतलेली असते: फुटणारा आगीत, चावणारी जिथे भाजलेला हात बुडवायला माकड धावणार तिथे, निसरडा दारात, जड वर. खेकडा जर फक्त पाय मोडून घरी पडला असेल तर एवढी व्यूहरचना कशासाठी, हे मुलालाच कळत नाही.

इस्सुनबोशीच्या बाबतीत जे कापलं गेलं ते रक्त नव्हतं, लबाडी होती. एक 'सुन' म्हणजे साधारण 3 सेंटिमीटर. नानिवाच्या, म्हणजे आजच्या ओसाकाच्या, सुमियोशी देवाला नवस करून जन्मलेला हा बोटाएवढा पोरगा. सुईची तलवार, गवताच्या काडीचं म्यान, भाताच्या वाडग्याची होडी, काटकीचं वल्हं, हे सगळ्या पुस्तकांत आहे. पण अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ओसाकाच्या शिबुकावा सेइएमोन या पुस्तकविक्रेत्याने 23 जुन्या कथा एकत्र छापल्या, त्यांतला इस्सुनबोशी वेगळा आहे. तो वाढत नाही म्हणून आई-बाप त्याला कंटाळलेले असतात, हे माणूस नसून काही भलतंच आहे असं त्यांना वाटतं, आणि ते कळल्यावर तो घर सोडतो. राजधानीत एका सरदाराकडे राहतो, सोळाव्या वर्षी तिथल्या तेरा वर्षांच्या मुलीवर त्याचं मन जातं, म्हणून झोपेत तिच्या ओठांना तांदळाचे दाणे लावतो आणि रडत तक्रार करतो की हिने माझा तांदूळ खाल्ला. बाप चिडून मुलीला घराबाहेर काढतो, आणि इस्सुनबोशी तिला पुढे घालून निघतो. ओनी आणि इच्छा पूर्ण करणारी हातोडी त्यानंतर येतात. या मुलाला 'लहान पण शूर' एवढ्यावर संपवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. नको असलेलं मूल, त्याने केलेली लबाडी, त्यात भरडली गेलेली मुलगी: दहा-अकरा वर्षांच्या वर्गाला यावर तासभर बोलता येईल.

उराशिमा तारोचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. 720 सालच्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथात तो तांबा प्रांतातला कोळी आहे. त्याने पकडलेली कासवीण स्त्री होते आणि तो तिला बायको करून घेतो. मुरोमाची काळातल्या (चौदावं ते सोळावं शतक) कथेत तो आपणच पकडलेलं कासव सोडून देतो, समुद्रापारच्या महालात त्या स्त्रीबरोबर तीन वर्षं संसार करतो, परत येतो तेव्हा सातशे वर्षं उलटलेली असतात, पेटी उघडतो आणि म्हातारा होऊन पुढे क्रौंच पक्षी होऊन उडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या शालेय पुस्तकांनी लग्न काढलं, क्रौंच काढला, कासव आणि राजकन्या वेगळी केली, आणि सुरुवातीला कासवाला छळणारी वात्रट मुलं पक्की बसवली. आता उरलेली गोष्ट अशी: भल्या माणसाने प्राण्याला वाचवलं, आणि त्याचं बक्षीस म्हणून तो एकटा, म्हातारा होऊन किनाऱ्यावर बसला. मुलं विचारतात, त्याची चूक काय? उत्तर मिळत नाही, कारण ज्या भागात उत्तर होतं तोच कापलेला आहे. तो बायकोला सोडून आला होता.

इथे कुणी म्हणेल, मग अस्सल मूळ रूप शोधून तेवढंच छापा. तेही चुकीचं ठरेल. 'अस्सल' शोधत गेलं तर वाट कधीकधी आपल्याच दारात येते. माकडाचं काळीज आणायला निघालेली मगर, आणि 'काळीज झाडावर ठेवून आलोय' म्हणणारं माकड, हे पंचतंत्रातून आणि जातककथांतून आपण ऐकलेलं आहे. बाराव्या शतकातल्या 'कोन्जाकु मोनोगातारीशू' या जपानी संग्रहाच्या भारतविषयक भागात तीच कथा कासव आणि माकड यांची म्हणून येते. नंतरच्या जपानी तोंडी कथेत त्यात जेलीफिश शिरला: माकडाला गुपित फोडलं म्हणून त्याला इतकं बडवलं की त्याच्या अंगात हाड राहिलं नाही. यातलं अस्सल कोणतं? प्रत्येक मुक्कामी गोष्टीने काहीतरी नवं मिळवलं, आणि हाडं गमावलेला जेलीफिश ही भर फार सुंदर आहे.

मराठीत आणताना सर्वांत मोठी चूक होते ती 'ओनी' या शब्दाशी. तो सर्रास 'राक्षस' केला जातो. चित्रकार मग दहा तोंडं, मोठ्या मिशा आणि मुकुट काढतो. ओनीला एक किंवा दोन शिंगं असतात, कमरेला वाघाचं कातडं आणि हातात काटेरी लोखंडी गदा. शिंगं बैलाची आणि कातडं वाघाचं का, याचं कारण दिशांत आहे: जुन्या बारा प्राण्यांच्या दिशाचक्रात ईशान्य म्हणजे बैल-वाघ, आणि ईशान्य हे ओनींचं दार. लेखक ताकिझावा बाकिन यांनी 1811 मध्ये असं मांडलं की समोरच्या बाजूचे माकड, कोंबडा आणि कुत्रा हे मोमोतारोचे सोबती. कोंबड्याच्या जागी फेझंट (कोंबड्याच्याच कुळातला लांब शेपटीचा रानपक्षी) आला. काटेकोर मोजलं तर ईशान्येच्या नेमकं समोर मेंढी-माकड येतात, त्यामुळे हा हिशेब पुरता जुळत नाही. तरीही वर्गात फळ्यावर चक्र काढून दाखवायला ही जागा उत्तम आहे.

पण दिसण्यापेक्षा स्वभाव महत्त्वाचा. ओनी नेहमी वाईट नसतो, आणि जपानी कथा त्याला बोलू देतात. ओए पर्वतावरच्या शुतेन दोजीची कथा बघा. योद्धा मिनामोतो नो राइको, त्याचे चार वीर (त्यांतला एक किंतोकी, म्हणजे अस्वलाशी कुस्ती खेळणारा लहानपणीचा किंतारो) आणि होशो हा आणखी एक योद्धा, असे सहा जण डोंगरी तपस्व्यांच्या वेषात जातात. देवांनी दिलेली, ओनीला विष आणि माणसाला बळ देणारी दारू त्याला पाजतात आणि झोपेत त्याचं मुंडकं उडवतात. मरताना शुतेन दोजी ओरडतो की तुम्ही खोटं बोललात, ओनी असं वाकडं वागत नाहीत. मग तुटलेलं मुंडकं उडून राइकोच्या शिरस्त्राणाला चावतं. तो मुली पळवून खाणारा आहे, कथा ते लपवत नाही. तरी फसवणुकीचा आरोप करण्याचा अधिकार कथेने त्यालाच दिला, आणि ऐकणाऱ्याला त्यावर उत्तर दिलं नाही. संक्षिप्त आवृत्त्यांत हे वाक्य सर्वांत आधी गळतं. ते गळलं की उरते फक्त मारामारी.

जपानच्या होन्शू या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाकडे हिरोसाकीजवळ ओनीचं देऊळ आहे. ओनीने रातोरात पाट काढून शेतांना पाणी आणलं, अशी तिथली कथा. देवळाच्या पाटीवर 'ओनी' हे अक्षर लिहिताना वरचा शिंगासारखा फटकारा गाळतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुन या सणाला जपानभर भाजलेले सोयाबीन फेकत 'ओनी बाहेर, भाग्य घरात' म्हणतात, पण या गावचे लोक दाणे फेकत नाहीत. योशिनोच्या किम्पुसेन-जी मंदिरात तर 'ओनीही घरात' म्हणतात. तळकोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकाला हे पटकन उमजेल, कारण तिथे वेताळ भुतांचा राजाही आहे आणि गावाचा देवही. म्हणून शब्द 'ओनी'च ठेवावा. पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात तो कसा दिसतो ते सांगावं आणि पुढे निर्धास्त वापरावा. मुलं डायनोसॉरची दहा-दहा नावं पाठ करतात, त्यांना दोन अक्षरं जड नाहीत.

किबीदांगोचंही तसंच. 'किबी' म्हणजे वरीच्याच कुळातलं भरड धान्य, ज्याची भगर आपण उपासाला खातो. 'दांगो' म्हणजे पीठ गरम पाण्यात मळून, गोळे वळून, उकळत्या पाण्यात तरंगेपर्यंत शिजवलेले. त्यात तूप-गूळ नाही, त्यामुळे 'लाडू' म्हटलं की गोष्ट सणाची होते. हा गरिबाघरचा प्रवासाचा डबा आहे. 'वरीच्या पिठाचे उकडलेले गोळे' म्हणावं, म्हणजे अर्धा गोळा देण्यातली चिकटाईही कळते आणि मायाही. (ओकायामाच्या स्टेशनवर या नावाने जी मऊ मिठाई विकतात ती मुख्यतः चिकट तांदूळ आणि साखरेची असते.) ध्वनिशब्द मात्र मराठी करायला हरकत नाही. पीच 'दोनबुराको, दोनबुराको' करत वाहत येतं. ज्या भाषेत भोपळा टुणूक टुणूक चालतो तिला 'डुबुक डुबुक' सहज सुचेल.

मुलं घाबरतील, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण घाबरवतं काय, ते बघायला हवं. लोककथांचे स्विस अभ्यासक माक्स ल्यूथी यांनी दाखवलं की लोककथेत अंग तुटतं तेही कागद कापल्यासारखं: रक्त नाही, वेदनेचं वर्णन नाही. जपानमध्ये ओझावा तोशिओ यांनी हाच मुद्दा लावून धरला. भीती वाढते ती नव्या पुस्तकातल्या रंगीत चित्राने, आणि सांगणाऱ्याने घातलेल्या विशेषणांनी आणि आवाजाने. 'तानुकीने म्हातारीला मारलं आणि सार केलं' हे एका सपाट वाक्यात सांगून पुढे जावं, थांबू नये, चित्र दाखवू नये. पाच वर्षांखालच्या मुलांना ही कथा सांगूच नये. त्यांना मोमोतारो, किंतारो भरपूर आहेत. वय न बघता कथा निवडायची आणि मग ती कापत बसायचं, या उलट्या क्रमानेच निम्मी मोडतोड होते.

दोन रूपं सांगायची तर 'कामीशिबाई' हे जपानचंच साधन उत्तम आहे: लाकडी चौकटीत सरकवायची साधारण 38 बाय 27 सेंटिमीटरची चित्रं, बहुधा 12 किंवा 16. युद्धकाळात सरकारी प्रचारही याच चौकटीतून झाला, तेव्हा साधन निर्दोष नाही, पण हातात असेल त्याचं ऐकतं. बारा पत्रांचा मोमोतारो करावा. पहिली आठ समान ठेवून शेवटच्या चारांचे दोन संच करावेत: एकात खजिना घरी येतो, दुसऱ्यात ओनी विचारतात की आम्ही तुमचं काय बिघडवलं होतं. कथाकार अकुतागावा र्युनोसुके यांनी 1924 मध्ये लिहिलेल्या मोमोतारोत ओनी हेच विचारतात. दोन संच एकाच दिवशी दाखवू नयेत, आठवडाभराचं अंतर ठेवावं. पहिली गोष्ट मुलांच्या तोंडी बसली तरच दुसरी टोचते. नेहमी होणारी चूक लिखाणाच्या जागेची. पत्र पुढून काढून मागे सरकवतात, म्हणून दिसणाऱ्या चित्राचा मजकूर त्याच्या पाठीवर नसतो, तो नुकत्याच मागे गेलेल्या पत्रावर असतो, आणि पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पत्राच्या पाठीवर. त्यामुळे संच बदलला की बाराव्या पत्रामागे पहिल्या चित्राचा मजकूर पुन्हा लिहावा लागतो. हे विसरलं की सुरुवातच मुकी होते.

मूल विचारेल, यातली खरी कोणती? तेव्हा 'दोन्ही' म्हणून सुटू नये. ही कुणी, कधी सांगितली ते सांगावं: ही 1894 ची, ही ओकायामाच्या खेड्यातली, ही 1924 ची. सात वर्षांच्या मुलाला सालं कळणार नाहीत, पण गोष्टीमागे सांगणारा माणूस असतो एवढं नक्की कळतं. 2013 मध्ये जपानच्या वृत्तपत्र संघटनेच्या जाहिरात स्पर्धेत पहिली आलेली जाहिरात हेच करते. त्यात एक छोटा ओनी उभा आहे आणि त्याच्या तोंडी इतकंच की माझ्या बाबांना मोमोतारो नावाच्या कुणीतरी मारलं. हे एक वाक्य तिथे लागलं, कारण पाहणाऱ्या प्रत्येकाला दुसरी बाजू तोंडपाठ होती. आपल्या मुलांना आधी तीही नीट द्यावी लागेल.

ओकायामात तर ओनीला नाव आहे: उरा. तो समुद्रापलीकडच्या कुदारा राज्यातून, म्हणजे कोरियातून, आलेला राजपुत्र होता आणि डोंगरावरच्या किल्ल्यात राहायचा, असं सांगतात. सातव्या शतकातल्या त्या किल्ल्याचा 2.8 किलोमीटरचा तट आजही दिसतो. यामातोच्या, म्हणजे प्राचीन जपानच्या, दरबाराने पाठवलेल्या राजपुत्र किबित्सुहिकोने त्याला हरवलं. बाण आणि शिळा हवेत आदळत राहिल्या, म्हणून त्याने एकाच वेळी दोन बाण सोडले आणि दुसरा उराच्या डाव्या डोळ्यात बसला. उरा फेझंट झाला तर हा ससाणा, तो कार्प मासा झाला तर हा पाणकावळा. मोमोतारोच्या मागे हीच कथा आहे असा शहराचा दावा. 1994 पासून तिथल्या उन्हाळी उत्सवात लोक चेहऱ्यावर उराचे रंगीत पट्टे ओढून रस्त्यावर नाचतात. वीराच्या गावात नाचणारे सगळे ओनीच्या रूपात असतात.

किबित्सु देवस्थानात एक कढई आहे. उराचं मुंडकं कापलं, कुत्र्यांनी मांस खाल्लं, तरी कवटी ओरडत राहिली, म्हणून ती या कढईखाली आठ शाकू, म्हणजे अडीच मीटरच्या आसपास, खोल पुरली. तिथूनही ती तेरा वर्षं ओरडत होती. मग उरा किबित्सुहिकोच्या स्वप्नात आला आणि म्हणाला, माझ्या बायकोला या कढईवर अन्न रांधू दे, मी पुढचं बरंवाईट सांगत जाईन. तिच्या आसो गावाशी जोडलेली स्त्री अजूनही तिथे सेवेला असते. कढईत पाणी उकळतं, वर वाफेचं भांडं ठेवलेलं असतं. पुजारी मंत्र म्हणतो, ती भांड्यात असडीक तांदूळ हलवते आणि कढई घुमायला लागते. तो आवाज शुभ की अशुभ, हे पुजारी सांगत नाही. ज्याने कौल मागितला त्याने तिथे बसून ऐकायचं आणि स्वतः ठरवायचं.